काशीच्या नावानं खपलेली मोहाची वडी

झिनाबाईवर अन्याय झाला तो गेल्या महाशिवरात्रीला, दुपारी, घाटावरच्या महादेवाचा अभिषेक आटोपून लोक फराळाला बसले तेव्हा. झिनाबाई म्हणजे वैनगंगेतल्या बेटावरची, वड्या करून विकणारी बाई. अन्याय करणाऱ्यांत गोंदियाचा एक हलवाई होता, एक पंडित होता, जत्रेचे पंच होते आणि मी होतो. माझं नाव शेवटी लिहिलं म्हणून माझा वाटा लहान समजू नये. तो सगळ्यांत मोठा होता.

या अंकाच्या संपादकांनी मला पत्र घातलं की तुम्ही दहा वर्षं हलवायाच्या कढईवर काढलीत, दिवाळीच्या तोंडावर गोडाधोडाच्या चार आठवणी लिहा. त्यांना बहुतेक बुंदीच्या लाडवाची हकिगत हवी होती. माझ्याकडे तीही आहे. पण बेचाळीसच्या गडबडीत चोरून पत्रकं लिहिण्याची जी सवय लागली, ती काही सुटत नाही. हातात टाक धरला की तक्रारच उतरते. वाचकांनी सांभाळून घ्यावं किंवा पान उलटावं. पुढच्या पानावर बहुधा कविता असेल.

आधी धंदा सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही.

मी गोंदियाजवळच्या मुर्रीचा. आमच्या मोतीसेठचं दुकान गोंदियाला, स्टेशनच्या रस्त्यावर. सेठ कढईला कधी हात लावत नसत. ते गादीवर बसून गिऱ्हाइकाला 'पधारो' म्हणत आणि माशा हाकलत. कढई माझी. हलवायाचं सगळं शहाणपण पाकात असतं, आणि पाकाचं शहाणपण दोन बोटांत. बोटं गार पाण्यात बुडवायची, तशीच उकळत्या पाकात घालून थेंब उचलायचा आणि चिमूट उघडून बघायची. एक तार निघाली तर बुंदी, दोन निघाल्या तर बर्फी, थेंबाची टणक गोळी झाली तर शिमग्याच्या साखरेच्या गाठ्या. बोटाला फोड येऊन तो फुटून तिथली कातडी मेली की समजायचं, माणूस हलवाई झाला. माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांना आज गरम-गार कळत नाही. यापलीकडे माझ्याकडे कोणतीही पदवी नाही.

मग लढाई आली आणि साखर कंट्रोलमध्ये गेली. दुकानाला जेवढी साखर मिळे तेवढ्यात माशाही नीट जमत नव्हत्या. मोतीसेठ गादीवर बसून माळ ओढू लागले. महादेवाकडे साखर मागत असावेत. महादेवाकडे धोत्रा आणि राख, तो साखर कुठून देणार.

झिनाबाई आमच्याकडे चारोळी घालायला येई. तिरोड्याच्या खालच्या अंगाला नदीचे दोन फाटे होतात आणि पुढे परत मिळतात. मधे जे उरतं त्याला सगळे नुसतं 'बेट' म्हणतात. पळसाची झाडं, मोहाची झाडं, थोडी धानाची बांधी, काठाला वाळू आणि काही घरं. आषाढात पाणी चढलं की आश्विनापर्यंत बेटावरचा माणूस बाहेर येत नाही आणि बाहेरचा आत जात नाही. डोंगा चालवणाराही घरात बसतो. म्हणून बेटावरचं गोड हे चार महिने टिकणारं गोड असतं. आपल्या दुकानांतल्यासारखं सकाळी केलं आणि संध्याकाळी आंबलं, असं तिथे चालत नाही. बोरं कुटून गुळात मळतात आणि पानात थापून वाळवतात. लाईचे मुटके करतात, ते इतके कडक की म्हाताऱ्यांना ते दिवसभर गालात धरावे लागतात. आणि करतात मोहाची वडी.

एकदा दुपारी झिनाबाई आमच्या मागच्या ओसरीवर भाकर खायला बसली होती. भाकर संपल्यावर तिनं फडक्यातून एक काळपट वडी काढली.

"काय आहे जी ते?" मी विचारलं.

"मोहाची वडी. तुमच्यासारख्या साखरवाल्याले नाही आवडाची."

मी ती तोंडात टाकली आणि दहा वर्षांचा माझा गर्व तिथेच विरघळला. मोहाचा तो वास, जो आला की लोक नाक दाबून दारू आठवतात, तो नव्हताच. खरपूस गोडी होती, मागून तीळ, मधे चारोळीचा दाणा. मी अर्धी तोडून सेठकडे घेऊन गेलो. त्यांनी डोळे मिटून खाल्ली, उघडून विचारलं, "शक्कर कितनी?"

"शक्कर नहीं सेठजी. महुआ है, थोडा गूळ."

सेठनी हातातली माळ बाजूला ठेवली. त्यांना महादेव पावला होता.

मला बेटावर शिकायला धाडलं. झिनाबाईच्या घरी मी आठ दिवस होतो. तिचा नवरा वारलेला, एक सासू, सगळं पोट या वड्यांवर. जत्रेच्या आठ दिवसांत जे विकलं जाई त्यावर बाकीचं वर्ष. तिनं मला काही लपवलं नाही. मोह पहाटे पडतो, तो ऊन चढायच्या आत वेचायचा. फुलातलं जिरं, म्हणजे आतले केसर, काढायचं. कडक वाळवायचा. आणि मग खरी गोष्ट, नदीची बारीक पांढरी वाळू मडक्यात लाल होईस्तोवर तापवायची आणि त्या वाळूत फूल भाजायचं, लाई फोडतात तसं. नुसत्या मडक्यात भाजलं तर फूल बाहेरून करपतं आणि आत दारूचा वास तसाच राहतो. वाळू चारी बाजूंनी धरते, वास उडून जातो. मग चाळायचं, एकदा नाही, तीनदा. मग तिळाबरोबर उखळात कांडायचं, गुळाच्या पाकात घोळून सागाच्या पानावर थापायचं आणि कापून प्रत्येक वडीच्या मधोमध आंगठा दाबायचा.

"आंगठा कायले?" मी विचारलं.

"मधात जाड राहिली तं मधात बुरशी धरते. दाबली का वाळते. आन् खड्डा पडला तं रिकामा कायले ठेवाचा, चारोळी बसवाची." मग माझ्या हाताकडे पाहून म्हणाली, "तुह्या बोटाले तं काही समजतच नाही. डाव्या आंगठ्यानं दाब."

मी विचारलं, हे सगळं मला काऊन सांगता? ती म्हणाली, "तू तिकडे करशील, मी जत्रेत करीन. मोह का कमी आहे का जंगलात?" एवढा हिशेब होता तिचा. मला तो तेव्हा भोळा वाटला. आता वाटतं, शहाणपणाचा तोच होता, आम्ही भोळे होतो. नाही, भोळे नव्हतो. आम्ही लबाड होतो.

परत आलो तर सेठपुढे अडचण उभी. गोंदियाची भली माणसं मोह खाणार कशी? मोह म्हणजे भट्टी, भट्टी म्हणजे जंगलातली माणसं, असं त्यांचं गणित. सेठनी पंडितजींना बोलावलं. हे आमच्या गल्लीतले, सत्यनारायणापासून सुतकापर्यंत सगळं करणारे. त्यांनी चार वड्या खाऊन विचार केला आणि निकाल दिला, "फूल है. अन्न नहीं. उपवास में चलेगा." पाचवी वडी त्यांनी निकालाच्या पुष्टीसाठी खाल्ली. मग सेठनी फळकुटावर रंगानं लिहून घेतलं: खास काशी की बड़ी, फलाहारी.

काशीचं नाव लागलं आणि गर्दी झाली. कोणी विचारलं नाही की लढाईच्या दिवसांत, गाड्यांत माणसांना उभं राहायला जागा नाही, तिथे रोज काशीहून वड्या येतात कशा. विचारलं असतं तर खायला मिळाली नसती.

आणि इथे माझी कारागिरी नडली. बेटावरून वाळूचं एक पोतं आणलं होतं. भाजलं नीट, पण आमच्या दुकानात चाळणी होती ती बेसनाची, बारीक जाळीची, वाळू तिच्यात अडे. तीनदा चाळायचा मला कंटाळा. वडीत वाळू राहिली. पहिल्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक आलं. हे कोर्टातले निवृत्त कारकून, सगळे त्यांना बाबूजी म्हणत. तळहातावर दोन कण ठेवून म्हणाले, "सेठजी, दाताखाली हे आलं. दाढ हलली माझी."

मला वाटलं, संपलं. मोतीसेठ गादीवरून उठले, जे ते कोणासाठी उठत नसत. कण कपाळाला लावले आणि म्हणाले, "बाबूजी, आप भाग्यवान हो. गंगाजी की रेती है. वहाँ घाट पर ही सुखाते हैं."

बाबूजींनी ते कण रुमालात बांधून घरी नेले आणि देवघरात डबीत ठेवले. हे मी सांगीवांगी नाही सांगत, त्यांनी स्वतः येऊन सांगितलं. मग तर लोक वडी चावायच्या आधी चाचपून बघू लागले. एक वकीलीणबाई तक्रार घेऊन आल्या की आमच्या पुड्यात एकही कण निघाला नाही, शेजारणीच्या पुड्यात तीन निघाले. त्यांना बदलून द्यावा लागला. मी मुद्दाम चाळणं आणखी ढिलं केलं. दहा कोसांवरची आपली वैनगंगा, तिच्या वाळूला कोणी कुत्रं विचारत नाही, आणि तिचेच कण गोंदियाच्या देवघरांत शाळिग्रामाशेजारी बसलेले. बाबूजी आणखी सांगत की तरुणपणी काशीला दशाश्वमेध घाटावर आपण हीच वडी खाल्ली होती, अगदी हीच चव. मी कढईमागे तोंड फिरवून हसत असे. रोज दहा जणांना मीच सांगत असे, "अपनी बड़ी तो काशी के गूळ की है." इतक्यांदा सांगितलं की जिभेला वळणच पडलं. ते वळणच पुढे नडलं.

महाशिवरात्रीला घाटावरच्या महादेवाची जत्रा भरते. गोंदियाजवळच्या नागऱ्याचा महादेव मोठा, त्याला सगळे जातात. हा त्याचा गरीब भाऊ, नदीकाठी उघड्यावर बसलेला. पण त्या दिवशी चारी बाजूंच्या गावांचे लोक येतात, गोंदियाचेही येतात. झिनाबाईची जागा तिथे घाटाच्या पायऱ्यांजवळ, तिच्या सासूपासूनची. नदीपारची माणसं तिच्याच वड्यांवर उपास काढत. यंदा मोतीसेठनीही मंडप घातला. आमच्या आणि तिच्यामध्ये फक्त एक बांगडीवाला होता.

दुपारी बाबूजी आमच्याकडून पुडा घेऊन निघाले, बांगडीवाल्यापुढे थांबले आणि पलीकडे झिनाबाईच्या टोपलीत त्यांना त्याच वड्या दिसल्या. तोच रंग, तोच मधला खड्डा, तीच चारोळी. ते मोठ्यानं म्हणाले, "सेठजी, ही बाई तुमची काशीची वडी विकून राहिली."

झिनाबाई हसली. "काशी कायची जी. मोहाची आहे. घरची."

लोक थबकले. ज्यांच्या हातात आमचा पुडा होता त्यांनी पुड्याकडे पाहिलं. मोतीसेठ मंडपातून आले. त्यांना दोन रस्ते होते. एक खरा होता. त्यांनी दुसरा धरला.

"महुआ? उपवास के दिन दारू का फूल बेच रही है? और हमारी नकल करके?"

"नक्कल?" झिनाबाई उभी राहिली. "तुमचा दामू आठ दिवस माह्या घरी राहून शिकून गेला. माह्या सासूच्या हातची भाकर खाल्ली. इचारा त्याले."

पंच आले. पंडितजी आले. पंडितजींच्या मिशीला तेव्हाही आमच्या वडीचा तीळ चिकटलेला होता. ते म्हणाले, मोह म्हणजे मद्य, शिवरात्रीला मद्य म्हणजे घोर पातक. फूल, अन्न नव्हे वगैरे जे होतं ते गल्लीत राहिलं.

मग सेठ माझ्याकडे वळले. "बोल दामू. अपनी बड़ी काहे की है?"

सगळी जत्रा माझ्याकडे बघत होती. झिनाबाई बघत होती, तिला काळजी नव्हती, कारण तिला उत्तर माहीत होतं. आणि मी म्हणालो, "अपनी बड़ी तो काशी के गूळ की है."

भीती वाटली, असं म्हणालो तर जरा बरं दिसेल. पण भीती नंतर वाटली. ते वाक्य आधी तोंडातून निघालं, पाय घसरावा तसं.

पंचांतल्या एकानं तिची टोपली उचलून पायऱ्यांवरून नदीत ओतली. मासे वर आले. माशांना उपास नव्हता. पंचांनी सांगितलं, या घाटावर या बाईनं पुन्हा बसायचं नाही. झिनाबाईनं खाली जाऊन टोपली पाण्यातून काढली, झटकली, डोक्यावर घेतली. जाताना माझ्यासमोर थांबली. मला वाटलं शिव्या देईल. ती म्हणाली, "चाळणी नीट नाही तुही. तुह्या वडीत रेती लागते." आणि गेली.

इथे एखाद्या चांगल्या माणसानं तिथल्या तिथे सेठच्या तोंडावर झारा फेकला असता. मी शिमग्याच्या गाठ्या संपेपर्यंत कढईवरच होतो. हे मी पत्रकात लिहिलं नव्हतं, इथे लिहितो.

गाठ्या संपल्यावर नोकरी सोडली आणि जे येतं ते केलं. पत्रक छापलं. 'काशीच्या वडीचं खरं कुळ' असं मथळ्याला. सगळं लिहिलं, माझं नाव घालून, आणि बाजारच्या दिवशी वाटलं. लोकांनी घेतलं, घडी केली, खिशात घातलं. मला वाटलं, आता वणवा पेटणार. चार दिवसांनी मी स्टेशनसमोर फुटाणे घेतले, ते मला माझ्याच पत्रकात बांधून मिळाले. मोतीसेठनी छापखान्यात उरलेली पत्रकं रद्दीच्या भावानं उचलून फुटाणेवाल्याला दिली होती. कागद जाड होता, असं फुटाणेवाला कौतुकानं म्हणाला.

एक पत्रक घेऊन मी डोंग्यानं बेटावर गेलो. झिनाबाई अंगणात मोह वाळत घालत होती. मी कागद पुढे केला.

"हे कायले आणलं? मले का वाचता येते?"

मी वाचून दाखवला. तिनं मधे दोनदा फुलं पालथी केली. शेवटी म्हणाली, "चांगलं लिहिलं. मंग?"

"मंग काय. माफी मागतो."

"माफी घेऊन का करू? वडीत घालू?" तिनं हात झटकले. "मले जागा पायजे. जत्रेतली. आठ दिवस नाही बसली तं वर्षभर का खाऊ? तू तोंडानं सांगितलं तं गेली. तोंडानंच आण."

मी पंचांकडे गेलो. एकदा नाही, पावसाळ्याआधी तीनदा आणि पाणी उतरल्यावर दोनदा. पंच काही वाईट माणसं नाहीत. ज्यांनी टोपली ओतली ते तर घरी दूध पाजल्याशिवाय सोडत नाहीत. पण त्यांचं म्हणणं, एकट्या तुझ्या तोंडाचं काय घेऊन बसलास? तू सेठशी भांडून निघालेला माणूस. गोंदियाच्या ज्या भल्या लोकांनी ती वडी उपासाला खाल्ली, त्यांतल्या दहा जणांनी आमच्यासमोर येऊन म्हणावं की हो, आम्ही मोह खाल्ला, शिवरात्रीला खाल्ला, पुन्हा मागून खाल्ला आणि आमचं काही बाटलं नाही. मग बाई बसेल. आम्हीही घेऊ.

दहा जण. गोंदियात ती वडी ज्यांनी खाल्ली नाही असे दहा शोधायला मला वेळ लागेल. मी बाबूजींकडे गेलो. त्यांनी मला देवघरातली डबी दाखवली, पुन्हा बंद केली आणि म्हणाले, "दामू, या वयात मला काशी तेवढीच मिळाली. ती काऊन घेऊन राहिलास?" वकीलीणबाईंनी मी दारात असतानाच दार लावलं. पंडितजी म्हणाले, विचार करून सांगतो, आणि आत कोणाला तरी ताट वाढायला सांगितलं.

इंग्रज जाणार असं सगळे म्हणतात. जाईल. त्याच्या नावानं आम्ही छाती फुगवून घोषणा दिल्या, मीही दिल्या. पण झिनाबाईची टोपली इंग्रजानं नाही ओतली. ती आपण ओतली, उपासाच्या दिवशी, तोंडात तीच वडी असताना. जो माणूस आपण खाल्लेल्या घासाचं नाव घ्यायला लाजतो, त्याच्या हाती राज्य आलं तरी तो त्याला काशीचंच नाव देईल.

तेव्हा वाचकहो, आता तुमच्याशी बोलतो. हा अंक गोंदियात, तिरोड्यात, भंडाऱ्यात जातो. तुमच्यातल्या कित्येकांनी मोतीसेठच्या मंडपासमोर रांग लावली होती. मी तुम्हाला पुडे बांधून दिले आहेत, तुमचे चेहरे मला ठाऊक आहेत. महाशिवरात्रीच्या आधीच्या सोमवारी, सकाळी, पंच घाटावर जागा वाटायला बसतात. त्या सोमवारी या. भाषण नको, पत्रक नको. पंचांपुढे उभे राहा आणि एवढंच म्हणा: मी मोह खाल्ला, मला आवडला, त्या बाईला तिची जागा द्या.

पहिला मी उभा राहतो. पण माझं तोंड पंच मोजणार नाहीत; दहा जण पाहिजेत. त्यांतले एक तुम्ही. या.